विषाचं टोपणनाव

भाचीच्या वहीत ‘समानार्थी शब्द लिहा’खाली ओळ होती : धोका – संकट, जोखीम. पुढे बरोबरची लाल खूण. मी मात्र त्या खुणेवर अडखळलो. आमच्या रनाळे गावच्या कोरडवाहू रानात कपाशी लावणं ही जोखीम, ती आपण होऊन पत्करायची. पाऊस दडी मारतो ते संकट, ते न विचारता येतं. आणि धोका कुठे असतो, तर कुणी देतंही. मग हे तिन्ही एका मापाचे कसे?

घाबरलं की माणूस शब्द मऊ करतो. रात्री सापाला साप म्हणायचं नाही, ‘जनावर’ म्हणायचं. पण ‘जनावर निघालं’ म्हटलं, की सगळी ओसरी पाय वर घेते. नाव बदललं तरी भीती जागी राहते.

कपाशीवर फवारायच्या विषाला आपण ‘औषध’ म्हणतो, तिथे मात्र भीतीच निजली आहे. परवा चुलतभाऊ बांधावर बसून पंपाला औषध मोजत होता, दोन टोपण. हात उघडे. बाटली मी उचलून पाहिली. लेबलावर शंकरपाळीच्या आकाराची खूण, तिचा खालचा त्रिकोण पिवळा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी अशा खुणेतल्या शब्दांची रंगावरून उतरंडच लावून दिली आहे : लाल आणि पिवळ्याला ‘विष’, निळ्याला ‘धोका’, हिरव्याला ‘सावधान’. लालला कवटीही. किती मात्रेने जीव जातो, त्यावरून शब्द ठरतो. इथे एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

“हे विष आहे रे,” मी म्हणालो.

तो हसला. “दादा, पिकाचं औषध आहे ते.”

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. दवाखान्याच्या कागदावर ‘विषबाधा’ लिहिलं गेलं. पंपात ओतताना ते औषध होतं, अंगात भिनल्यावर त्याला खरं नाव मिळालं.

दुपारी भाऊ भाकरीला बसू लागला, तेव्हा काकूने हटकलं, “हात धोईसन जेव रे, भाऊ!” तिच्या बोलण्यात ना धोका होता, ना विष. ती स्वतःच तांब्या घेऊन उभी राहिली. पहिलं पाणी पांढुरकं वाहिलं. तिने दुसरा तांब्या ओतला.