पोटातील बिऱ्हाडकरू

आपल्या वाड्यात किती बिऱ्हाडे राहतात, हे प्रत्येक घरमालकाला ठाऊक असते. कोणाचे भाडे थकले आहे आणि कोणाची मुले जिन्यावर दंगा करतात, हेही तो चटकन सांगू शकतो. परंतु माणूस हा मोठा विलक्षण घरमालक आहे. त्याच्या पोटात असंख्य बिऱ्हाडकरू जन्मभर नांदतात आणि त्याला त्यांची गंधवार्ताही नसते!

हे बिऱ्हाडकरू म्हणजे सूक्ष्म जीवाणू. साध्या डोळ्यांना ते दिसत नाहीत; पण त्यांची संख्या ऐकली म्हणजे मन थक्क होते. २०१६ साली शास्त्रज्ञांनी बांधलेल्या अंदाजाप्रमाणे प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात. शरीराच्या स्वतःच्या पेशीही जवळजवळ तितक्याच! या जीवाणूंपैकी बहुतेकांचा मुक्काम मोठ्या आतड्यात असतो. एवढा मोठा जनसमुदाय. पण त्या साऱ्यांचे वजन पाव किलोदेखील भरत नाही.

मूल जन्माला येताच त्याच्या पोटात ही वस्ती होऊ लागते. काही जीवाणू आईकडून येतात, काही भोवतालच्या माणसांकडून व वस्तूंवरून येतात. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात, की त्या बाळाला स्वतःला पचवता येत नाहीत. मग त्यांचा उपयोग काय? त्यांवर बाळाच्या आतड्यातील काही हितकारी जीवाणू पोसले जातात. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या पोटातील असे जीवाणू आँरी तिसिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ साली पॅरिस येथे शोधून काढले. माउली लेकराला पाजते, तेव्हा ती त्याच्या पोटातील पाहुण्यांच्या पानातही चार घास वाढत असते.

हे पाहुणे फुकटचे खाणारे मात्र नव्हेत. भाकरी, डाळी, पालेभाज्या यांतील जो चोथा माणसाला पचत नाही, तो ते आंबवतात. त्यापासून तयार होणाऱ्या आम्लांवर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. जखमेतील रक्त गोठण्यास लागणारे 'के' जीवनसत्त्व काही जीवाणू तयार करतात. याहूनही मोठे काम म्हणजे राखणदारीचे. ज्या घरातील खोल्या चांगल्या बिऱ्हाडांनी भरलेल्या असतात, तेथे चोराचिलटाला थारा मिळत नाही. त्याचप्रमाणे पाण्यातून वा अन्नातून आलेल्या रोगजंतूंना हे जुने रहिवासी सहसा पाय रोवू देत नाहीत.

पण कधी कधी रोगजंतू प्रबळ ठरतात आणि माणूस अंथरुणाला खिळतो. पूर्वी साध्या जखमेत पू होऊनही माणसे दगावत. १९२८ साली लंडन येथे अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीत जंतुनाशक गुण आढळला आणि त्यातून पुढे पेनिसिलिन हे औषध हाती आले. पुण्याजवळ पिंपरी येथे हे औषध बनवण्यासाठी १९५४ साली सरकारी कंपनी स्थापन झाली. पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन अशा औषधांना प्रतिजैविके म्हणतात. त्यांनी किती घरांतील दिवे विझता विझता वाचवले, याची गणतीच नाही.

मात्र या गुणी औषधाला एक मर्यादा आहे. त्याला शत्रू आणि मित्र यांतील भेद कळत नाही. रोगजंतूंवर चालवलेले शस्त्र निरुपद्रवी जीवाणूंवरही पडते. सुक्याबरोबर ओलेही जळते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९५४ साली उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या आतड्यात विशिष्ट रोगजंतूंची लागण होण्यास एरवी सुमारे एक लाख जंतू पोटात जावे लागत. स्ट्रेप्टोमायसिनची एकच मात्रा दिल्यावर मात्र त्यांच्या लागणीस दहाहूनही कमी जंतू पुरेसे झाले! राखणदारच नाहीसे झाल्यावर दाराला कडी कोण घालणार?

माणसाच्या बाबतीतही असे घडते. प्रतिजैविके घेतल्यावर कित्येकांना जुलाब होतात. बहुधा ते आपोआप थांबतात आणि काही आठवड्यांत पोटातील बरीचशी वस्ती पुन्हा जमते. परंतु काही वेळा रिकाम्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा उपद्रवी जंतू ठाण मांडतो. त्याने होणारा आतड्याचा विकार वृद्ध व दुबळ्या माणसांच्या जिवावर बेततो. शिवाय तो पुनःपुन्हा उलटतो. अशा रोग्यांवर नेदरलँड्समधील डॉक्टरांनी एक निराळाच उपाय केला. निरोगी माणसाच्या मलातील जीवाणू त्यांनी नळीवाटे रोग्यांच्या आतड्यात सोडले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात, हा उपाय केलेल्या १६ रोग्यांपैकी १५ बरे झाले. केवळ प्रतिजैविक दिलेल्या १३ रोग्यांपैकी फक्त ४ बरे झाले. ज्या वस्तूकडे पाहून माणूस नाक मुरडतो, तिनेच त्या रोग्यांना तारले.

म्हणून औषधाला नावे ठेवणे मात्र वेडेपणाचे होईल. घराला आग लागली असता पाण्याने पुस्तके भिजतील अशी चिंता कोणी करीत बसत नाही. वैद्यांनी प्रतिजैविक दिले, तर ते त्यांनी सांगितलेल्या वेळी आणि सांगितलेले दिवस घेतलेच पाहिजे. पण रोज अंगणात पाण्याचा बंब सोडणाऱ्याला शहाणा कोण म्हणेल? सर्दी ही विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर प्रतिजैविकांची मात्रा चालत नाही. तरीही पुष्कळ माणसे शिंक येताच दुकानातून गोळ्या आणतात, किंवा शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेतात. सर्दी तिच्या मुदतीनेच जाते. त्या गोळ्यांचा घाव मात्र पोटातील निरपराध बिऱ्हाडकरूंवर पडतो.

या बिऱ्हाडकरूंना सांभाळणे मुळीच अवघड नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळी, भाज्या आणि फळे पानात असली, म्हणजे त्यांचीही जेवणे होतात. ते कधी आभार मागत नाहीत, कधी तक्रार घेऊन दाराशी येत नाहीत. 'माझी प्रकृती मीच कमावली' असे माणूस अभिमानाने म्हणतो, तेव्हाही ते अंधारात मुकाट्याने आपले काम करीत असतात. त्या मुक्या सोबत्यांचा वाटा ओळखून वागेल, तोच खरा जाणता घरधनी.