अंगणातला काळा डाग
बेळगावात शहापूरला आमचं घर. अंगणात शहाबादी फरशी, मधे तुळस. कॉलेजात असताना मोटरसायकलचं ऑइल पहिल्यांदाच घरी बदलायला बसलो. बोल्ट हातातून निसटून भांड्यात पडला, तो काढायला गेलो आणि भांडंच कलंडलं. काळा ओघळ थेट तुळशीपर्यंत! आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी रांगोळी तेवढी बाजूला सरकली.

बाबा म्हणाले, "एवढी गडबड कशाला रे? सावकाश कर की."

त्यांनी तेलाचा रिकामा डबा आडवा कापला, कडा दुमडल्या, झाला ट्रे. पाण्याची बाटली कापून नरसाळं. सुताराकडून पिशवीभर भुसा. खाली जुने ‘तरुण भारत’. इंजिन दोन-चार मिनिटं चालवायचं, कोमट ऑइल भराभर उतरतं. शेवटच्या आट्यांना बोल्ट वर दाबून फिरवायचा, मग झटकन बाजूला. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे. गटारात थेंबसुद्धा नाही.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. ट्रे तोच आहे, आता सांडत नाही. परवा फरशी बदलायचा विषय काढला, तर आई डागाकडे बघत म्हणाली, "ऱ्हाऊ दे की."