नागद्वारची वाट आणि श्रावणातले पाणी



पऱ्हाटीला डवरणी झाली, निंदण आटोपत आले की आपल्या नागपूर, वर्धा, अमरावतीकडच्या गावांत नागद्वारला जाण्याची बोलणी सुरू होतात. कोणाचा नवस असतो, कोणाकडे आजोबांपासून चालत आलेले असते. नागपूरहून सावनेर, छिंदवाडा, तामियामार्गे पचमढी सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. रेल्वेने इटारसीवरून पिपरियाला उतरलात तर पुढे पन्नासेक किलोमीटर घाटाचा रस्ता.

नागद्वार सातपुडा राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहे. हे उद्यान १९८१ साली झाले. ही पायवाट एरवी बंद असते. नागपंचमीपूर्वी साधारण दहा दिवस तेवढी यात्रेसाठी उघडतात. म्हणजे जायचे ते ऐन पावसातच. घरची माणसे वाघाची भीती घालतात, पण इतक्या गर्दीच्या वाटेवर वाघापेक्षा पाण्याला भ्यावे.

आपल्या काळ्या रानातला नाला तुम्ही ओळखता. तिथला नाला वेगळा आहे. पचमढीचे डोंगर वालुकाश्माचे. पावसाचे पाणी त्या दगडात मुरते आणि झऱ्यांतून पाझरत राहते, म्हणून बी फॉलला, म्हणजे जमुना प्रपाताला, उन्हाळ्यातही धार असते. परंतु पाऊस मुसळधार झाला की उभ्या कड्यांवरचे पाणी एकदम अरुंद घळीत उतरते. धूपगडाचा माथा १३५० मीटर, साऱ्या सातपुड्यात उंच. पाऊस तिकडे ढगांत पडतो आणि खाली तुमच्या अंगावर ऊन असते! पाणी गढूळ झाले, काडीकचरा वाहू लागला, वरून घरघर ऐकू आली, की लेकराबाळांना घेऊन आधी उंच जागी या. पिशवी राहिली तर राहू द्या.

वाहते पाणी गुडघ्याला लागत असेल तर त्यात उतरू नये. हातात हात धरून साखळी करण्याची आपल्याकडे रीत आहे. तिच्यात एकाचा पाय सुटला की शेजारचेही ओढले जातात. अशा घळींचे पाणी पाऊस थांबल्यावर बहुधा तास-दोन तासांत उतरते. तोवर शिदोरी सोडून बसावे. नागोबा कुठे जात नाहीत.

वाट सगळी चढउताराची, खडकांवर शेवाळ. चपला घालून जाऊ नका, तळवा झिजलेला बूटही नको. रबरी खाचांचा बूट, हातात काठी, आणि दोन्ही हात मोकळे राहतील असे पाठीवरचे ओझे. पिण्याचे पाणी घरून न्याल ते कशातून नेता हे मात्र पाहा. औषधाचा डबा कितीही धुतला तरी तो पाण्यासाठी वापरायचा नाही. हे शेतावर सांगतो तेच इथेही सांगतो. रक्तदाब, साखर यांच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, अंगावरच्या खिशात ठेवा. पोरांच्या खिशात नाव, गाव आणि फोन नंबरची चिठ्ठी असावी. मालवाहू गाडीत उभे राहून घाट चढू नका, भाडे कितीही कमी असो.

कड्यांना आग्या मोहोळ असते. त्याच्या खाली उदबत्त्यांचा धूर करू नये, फटाके तर नकोच. आणि नागपंचमी असली तरी वाटेत साप दिसला तर हात जोडून लांबून जावे. साप दूध पीत नाही. दंश झालाच तर चिरा देणे, घट्ट दोरी बांधणे, झाडपाला लावणे, यात वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय हलू न देता, माणसाला चालायला न लावता, उचलून सरकारी दवाखान्यात न्या. सापाच्या विषावरची लस तिथेच मिळते.

धबधब्याखाली आंघोळीचा मोह सगळ्यांना होतो, तरुणांना जास्त. पावसाळ्यात वरून पाण्याबरोबर दगडही येतात, आणि खालच्या डोहाचा तळ दिसत नाही. रजत प्रपात साडेतीनशे फुटांवरून पडतो. तो समोरच्या कड्यावरून, कठड्याच्या अलीकडे उभे राहूनच पाहायचा, आणि पावसाळ्यात तो भरलेला असल्याने तसाच छान दिसतो.

म्हाताऱ्या आईला नागद्वारची चढण झेपणार नसेल, तर तिला घरी ठेवण्याचे कारण नाही. जटाशंकर आणि महादेवाची गुहा या ठिकाणांजवळ गाडी जाते, पुढे थोड्या पायऱ्या आहेत. सोबतीला घरातले एक माणूस ठेवा, बाकीच्यांनी नागद्वार करून यावे.