वही दुसऱ्या शिफ्टसाठी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी बेसमेंटमध्ये होतो. "अंकासाठी कॉम्प्युटरवर काहीतरी लिहा, पण आमच्या सासूबाईंनाही कळेल असं लिहा," असा त्यांचा प्रेमळ दम. मंडळी, प्रयत्न करतो. सासूबाईंना विरजण, दळण आणि एस.टी. या तीन गोष्टी माहीत असतील तर निम्मं काम झालं.

सुरुवात जरा वाईट आहे. जानेवारी २०२३ मध्ये माझी नोकरी गेली. त्या वर्षी पुष्कळांची गेली, तशी माझीही. सकाळी साडेनऊची मीटिंग, बारा मिनिटांत सगळं आटोपलं. २००३ साली दोन बॅगा घेऊन मास्टर्स करायला मिशिगनला आलो, त्यानंतर रिकामा असा कधी बसलोच नव्हतो. पण खरा धक्का तीन आठवड्यांनी एका इंटरव्ह्यूत बसला. समोरचा पोरगा तिशीचाही नसेल. त्याने विचारलं, "कमांड टाइप करून एंटर दाबल्यावर प्रोग्रॅम चालू होईपर्यंत आत नेमकं काय काय होतं?" कऱ्हाडच्या कॉलेजात असताना हे मी झोपेत सांगितलं असतं. आता गेली सात वर्षं मी फक्त मीटिंगा घेत होतो आणि रंगीत तक्ते बनवत होतो. मी चाचरलो. तो बिचारा सभ्य होता, त्याने विषय बदलला. गाडीत बसल्यावर मात्र मला स्वतःची फार लाज वाटली.

त्या लाजेपोटी मी लिनक्स मुळापासून बांधायला घेतलं.

लिनक्स बहुतेकांनी ऐकलेलं असतं. १९९१ साली हेलसिंकीला शिकणाऱ्या लायनस टॉरव्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिला. त्याच्याभोवतीची बरीचशी हत्यारं रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली. कॉलेजात आम्ही पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीवरून ते चढवायचो. ते म्हणजे इंडियन ग्रोसरीतून तयार पिठाचं पोतं आणण्यासारखं. दुसऱ्या कुणीतरी धान्य निवडून, दळून, पोत्यात भरून दिलेलं असतं. इथे धान्य म्हणजे सोर्स कोड, माणसाला वाचता येतो असा. दळणं म्हणजे कंपाइल करणं. पीठ झालं की मशीनला चालतं, पण आपल्याला त्यात काय आहे ते दिसत नाही.

१९९९ साली जेरार्ड बीकमन्स या गृहस्थाने 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' नावाचं पुस्तक सुरू केलं. फुकट वाचायला मिळतं. ते तुम्हाला पीठ देत नाही. ऐंशीच्या आसपास पोत्यांची यादी देतं आणि कुठलं धान्य कुठल्या क्रमाने दळायचं ते सांगतं. मार्च २०२३ मध्ये त्याची ११.३ ही आवृत्ती निघाली, तीच मी घेतली. जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा अडवला आणि लागलो कामाला.

पहिल्याच पायरीवर गंमत आहे. दळायला जातं लागतं, पण जातंसुद्धा यादीतल्याच एका पोत्यात आहे. कंपायलर हाही शेवटी एक प्रोग्रॅम, आणि तो बनवायला कंपायलर लागतो. इथे विरजण आठवलं. आम्ही पहिल्यांदा अपार्टमेंटमध्ये दही लावलं ते दुकानातल्या डब्याच्या दह्याचं विरजण घालून. पहिल्या दिवशी त्याला डब्याचीच चव. त्यातलं चमचाभर घेऊन दुसरं लावलं, त्यातून तिसरं, तेव्हा कुठे ते आपल्या घरचं वाटायला लागलं. पुस्तकात अगदी हेच आहे. जीसीसी नावाचा कंपायलर तीन वेळा बांधायचा. पहिला, मशीनवर आधीपासून असलेल्या परक्या सिस्टिमच्या कंपायलरने. त्या पहिल्याने दुसरा. मग 'चेंज रूट' नावाची कमांड देऊन आपण नव्या घराच्या आत शिरतो, दार लावून घेतो, जुन्या घरातलं काही दिसेनासं होतं, आणि तिथे दुसऱ्याच्या मदतीने तिसरा बांधतो. तो आपला.

वेळ किती लागतो हे सांगायची पुस्तकाची पद्धतही मला फार आवडली. मिनिटं सांगत नाही, कारण प्रत्येकाचं मशीन वेगळं. बिनयुटिल्स नावाचं पहिलं पॅकेज तुमच्याकडे जेवढ्या वेळात होईल तो एक एकक धरायचा आणि पुढचं सगळं त्याच्या पटीत. शेवटचं जीसीसी सगळ्या चाचण्यांसकट मी रात्री लावून झोपलो. सकाळी चहा घेऊन खाली आलो तरी चालूच होतं. बायको म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभा असल्यासारखा काय उभा आहेस?"

तीन आठवड्यांनी पहिल्यांदा बूट केलं आणि कर्नल पॅनिक. म्हणजे कर्नल उठला, पण त्याला डिस्कच सापडेना. कर्नल बांधताना कुठले कुठले ड्रायव्हर आत घ्यायचे ते आपणच ठरवतो. मी हौसेने सगळं नको ते काढून टाकलं होतं, आणि माझी डिस्क ज्या प्रकारची होती तिचाच ड्रायव्हर त्यात गेला होता. घर बांधलं, दाराची किल्ली आत ठेवून कुलूप लावलं. परत कर्नल बांधला, आणि रात्री अकरा वाजता काळ्या स्क्रीनवर 'लॉगिन' ही अक्षरं आली. मी ओरडलोच. बायको आणि लेक दोघी धावत आल्या. स्क्रीनकडे बघून लेक म्हणाली, "बाबा, पण यात काहीच नाहीये." खरं होतं. माऊस नाही, ब्राउझर नाही. पण त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर मला आता वाटेत लागणाऱ्या प्रत्येक फाइलच्या नावासकट देता आलं असतं. जूनमध्ये दुसरीकडे नोकरी लागली. तिथे हे कुणी विचारलं नाही, तो भाग वेगळा.

त्यानंतरचे दोन महिने विकेंडला त्यात मराठी दिसावं म्हणून गेले. आधी नुसते चौकोन. 'लोहित' हा देवनागरी फाँट घातला. मग काने-मात्रे आणि जोडाक्षरं जागच्या जागी बसवणारं हार्फबझ. गंमत म्हणजे फ्रीटाइपला हार्फबझ लागतं आणि हार्फबझला फ्रीटाइप! म्हणून एक बांधा, मग दुसरं बांधा, आणि परत पहिलं बांधा. स्क्रीनवर 'ज्ञानेश्वरी' हा शब्द नीट उमटला त्या दिवशी मी घरात श्रीखंड आणलं. (हे श्रीखंड डब्यातलंच.)

आता वडिलांबद्दल सांगायला हवं. अण्णा साताऱ्याला एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांच्याकडे एक लांबट, लाल पुठ्ठ्याची वही असायची. कुठली गाडी उघडली, काय काढलं, काय घातलं, कुठला नट बसत नव्हता, सगळं तीत. मी फोनवर माझं कौतुक सांगायला लागलो तर त्यांनी एकच विचारलं, "वही ठेवलीस का?" मी म्हटलं, "अण्णा, पुस्तक आहे की." ते म्हणाले, "पुस्तक कंपनीचं. वही आपल्या गाडीची. तुझी शिफ्ट संपल्यावर दुसरा येणार, त्याला काय कळणार?"

हे सगळ्यांत कामाचं निघालं. तयार लिनक्समध्ये कुठल्या पॅकेजची कुठली फाइल, याची नोंद ठेवणारी व्यवस्था असते. माझ्या घरच्या दळणात तसं काही नाही. काय, कुठून, कधी आलं हे एकट्या मला माहीत. म्हणून वही घातली. तारीख, पॅकेज, कुठल्या आवृत्तीवरून कुठल्या आवृत्तीवर, आणि का. मजकूर मराठी, कमांडी इंग्रजी.

आणि मग माझ्या हातून चूक झाली. तोपर्यंत मी मोठ्या ऐटीत घरातले सगळे फोटो आणि स्कॅन केलेले कागद या मशीनवर आणले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्लिबसी या लायब्ररीत एक भोक असल्याचं जाहीर झालं. साधा वापरणारा माणूस त्यातून मशीनचा मालक होऊ शकत होता. तयार लिनक्स वापरणाऱ्यांनी एक बटण दाबलं आणि ते जेवायला गेले. माझ्या घरी ते बटण मीच. पॅच लावून ग्लिबसी परत बांधायला घेतली. रात्रीचे बारा. जुनं बांधकामाचं सामान मी पुसलं नव्हतं, त्यामुळे डिस्क भरली आणि अर्ध्या फाइली बदलून इन्स्टॉल थांबलं. ग्लिबसी म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमच्या पायाखालची जमीन. ती अर्धी जुनी, अर्धी नवी. फाइलींची यादी दाखवणारी दोन अक्षरी कमांडसुद्धा चालेना. कॉपी चालेना. मशीन नीट बंदही होईना.

नेमकं दुसऱ्या दिवशी लेकीच्या ओसीआयच्या अर्जाचे कागद पाठवायचे होते, आणि ते स्कॅन त्याच डिस्कवर. बायको जिन्यावर उभी राहून म्हणाली, "कागद आहेत ना?" मी म्हटलं, "आहेत." ते वेगळ्या पार्टिशनवर सुखरूप होते, हे मला माहीत होतं. तिला नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, "तुला काही झालं तर आम्ही हे कसं उघडायचं?" आणि वर गेली.

पेन ड्राइव्हवरच्या तयार लिनक्सने मशीन उठवलं, मार्चमध्ये काढून ठेवलेल्या बॅकअपमधून जुनी ग्लिबसी परत घातली, जागा मोकळी करून पॅचवाली पुन्हा बांधली. पहाटेचे साडेतीन वाजले. कागद वेळेत गेले. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी दिलं नाही. खोटं कशाला बोलू, मला ते जरा लागलंच होतं.

पुढच्या वर्षी त्या उत्तराला टाळाटाळ करता येईना. २९ मार्च २०२४ ला बातमी आली की एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरदरवाजा घातला आहे. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला दुसऱ्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, आणि तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला म्हणून हे उघडकीला आलं. मी वही काढली. दोन आठवड्यांपूर्वीच्या पानावर माझ्याच अक्षरात ५.६.१. कारणाच्या रकान्यात 'नवीन आली म्हणून'.

मी सही तपासली होती. सही बरोबर होती, कारण ज्याने दरवाजा घातला तोच सही करणारा होता! 'जिया टॅन' हे नाव लावून दोन-अडीच वर्षं त्याने चांगलं काम केलं, मूळचा एकटा सांभाळणारा माणूस थकलेला होता, त्याचा विश्वास मिळवला. दरवाजा चालू करणारा तुकडा उघड्यावर ठेवलेल्या कोडमध्ये नव्हताच, फक्त वाटायच्या गाठोड्यात होता, आणि विष चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींत. माझं मशीन वाचलं, पण माझ्या हुशारीने नव्हे. तो तुकडा डेबियन किंवा रेड हॅटच्या पद्धतीचं पोतं भरलं जात असेल तरच जागा व्हायचा. माझ्यासारख्या हाताने दळणाऱ्याची त्याने दखलच घेतली नव्हती.

वर्षभर मी लोकांना सांगत होतो की मी माझं धान्य स्वतः दळतो. निवडलं होतं का? ऐंशी पोत्यांतलं मी एकही पूर्ण वाचलेलं नाही, आणि वाचलं असतं तरी कळलं असतं असं नाही. युनिक्सच्या जनकांपैकी केन थॉम्प्सनचं ट्युरिंग पुरस्काराचं भाषण १९८४ मध्ये छापून आलं. कोड कितीही स्वच्छ असला तरी कंपायलरच बिघडलेला असेल तर खोट पिढ्यान् पिढ्या उतरते, हे त्यात त्याने करून दाखवलं आहे. विरजणाची गोष्ट सांगताना हा भाग मी सोयीस्करपणे गाळत असे.

त्या एप्रिलमध्ये फोटो आणि कागद मी दुसऱ्या मशीनवर हलवले. त्यावर साधं, तयार डेबियन. शेकडो माणसं त्याच्यावर डोळा ठेवून आहेत, आणि बायकोला त्याचा पासवर्ड माहीत आहे. तिने "बरं केलंस" एवढंच म्हटलं. माझं बांधलेलं मशीन शेजारी चालू ठेवलं, फोटोंची फक्त एक जादा प्रत सांभाळायला. आणि वहीच्या सुरुवातीला कोऱ्या सोडलेल्या पानांवर क्रमाने लिहून काढलं, काय बंद पडलं तर काय करायचं.

जानेवारी २०२५ मध्ये अण्णांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी साताऱ्याला होतो. पहाटे फोन वाजला. मिशिगनला वादळात वीज गेली आणि परत आली होती. डेबियन आपोआप उठलं होतं. "बाबा, तुझं मशीन नाही आलं," लेक म्हणाली, "पण मी वही काढलीय." तिला कुणी सांगितलं नव्हतं. वीज गेल्यामुळे डिस्कची तपासणी अर्धवट अडकली होती आणि ती हाताने करायची होती. सहा वर्षं मंडळाच्या शनिवारच्या मराठी शाळेत काढलेली मुलगी माझं गिचमिड मराठी एक एक शब्द लावत वाचत होती. एका ठिकाणी थांबली.

"बाबा, पार्टिशन नंबर काय आहे? हा इंग्लिश फोर आहे की मराठी पाच?"

डोळ्यावर पट्टी बांधून शेजारच्या खाटेवर पडलेले अण्णा सगळं ऐकत होते. "काय म्हणते?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"तुझं अक्षर पहिल्यापासून घाण," अण्णा म्हणाले. "पाच आहे म्हणून सांग तिला, आणि विचार, झालं का चालू."