अण्णांचं दावं

न्हावऱ्याच्या वाड्यावस्त्यांवरून उन्हाळ्यात हिंडलं की दारातल्या लिंबाखाली बाज दिसतेच. सकाळी ती झाडाच्या मावळतीला असते, उन्हं कलली की उगवतीला. मधे कधीतरी घरातलं कुणी येतं, म्हाताऱ्या माणसाला उठवतं, बाज सावलीत ओढतं आणि पुन्हा बसवतं. दिवसभरातली हालचाल तेवढीच. या घरात आबाळ नसते बरं. उशाशी तांब्या भरलेला असतो, भाकरी दुधात कुस्करून मिळते, गोळ्या वेळेवर हातावर पडतात. ‘लई केलं, आता बसा निवांत,’ असं पोरं म्हणतात ते मनापासून. मला काळजी वाटते ती या मायेचीच.

घोडगंगा कारखान्यात पाळ्या केलेल्या माणसाला निवृत्तीची तारीख तरी असते. शेतकऱ्याला ती नसते. त्याचं काम हप्त्याहप्त्यानं जातं. आधी बैलं विकली जातात. मग विहिरीवरची मोटर मोबाइलवरून चालू व्हायला लागते, म्हणजे रात्री बॅटरी घेऊन दारं धरायला जाणं संपलं. कालव्याला पाणी कधी सुटणार हे पोराला फोनवर कळतं, म्हाताऱ्याला विचारायला कुणी येत नाही. बाईमाणसाचं तर त्याहून गुपचूप होतं. हात थरथरतो म्हणून विळी काढून घेतात, दिसत नाही म्हणून सूप काढून घेतात. भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसली तर ‘राहू द्या, टरफलं पसरतात’ म्हणतात. एकेक गोष्ट अगदी किरकोळ. वर्षभरानं बघावं तर त्या बाईजवळ घरात दुसऱ्या कुणाला लागेल असं एकही काम उरलेलं नसतं.

आमच्याकडची म्हातारी माणसं ‘मन खचलंय’ असं कधी म्हणत नाहीत. ती म्हणतात, अंग धरलंय, अन्न गोड लागत नाही, पहाटे तीनलाच डोळा उघडतो. नैराश्य उतारवयात बऱ्याचदा असं दुखण्याच्या वाटेनं येतं. घरचे सलाइन लावून आणतात. दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. तपासण्या करायलाच हव्यात. थायरॉइड असतं, बी-१२ कमी असतं, गरज पडली तर मनाच्या डॉक्टरांची गोळीही घ्यायला हवी. पण गोळीच्या जोडीनं दिवसाला काही आकार लागतो, आणि तो केमिस्टाकडे मिळत नाही.

तो कसा द्यायचा याचं एक रीतसर शास्त्र आहे, व्यवसायोपचार. आपल्या देशात त्याच्या शिक्षणाची सुरुवात १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाली, ती कमला निंबकर यांच्यामुळे. जन्मानं त्या अमेरिकन, मूळच्या एलिझाबेथ लुंडी. इथल्या घरात लग्न होऊन आल्या आणि इथल्याच झाल्या. १९५२ साली व्यवसायोपचारकांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकारानं. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्या नावाची. शाळेचं नाव आपल्या भागात पुष्कळांना ठाऊक असतं, बाईंचं हे काम मात्र फार थोड्यांना.

या शास्त्रात माणसाचं काम काढून घेत नाहीत. कामाचे तुकडे करतात, त्यातला कुठला जमतो आणि कुठला अडतो ते बघतात, आणि अडतो तिथं अवजार, जागा नाहीतर रीत बदलतात. अमेरिकेत लॉस एंजेलिसला साठीपुढच्या ३६१ जणांबरोबर केलेला एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नऊ महिने व्यवसायोपचार मिळाला: स्वतःच्या रोजच्या दिवसाकडे बघायचं आणि तो आपल्या हातानं नव्यानं मांडायचा. दुसऱ्या गटाचं नुसतं मन रमवलं. तिसऱ्याला काहीच दिलं नाही. पहिल्या गटाची तब्येत आणि मन दोन्ही सुधारलं. मन रमवलेले आणि काहीच न मिळालेले यांच्यात मात्र फरक पडला नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. म्हाताऱ्यांपुढं टीव्ही लावून दिला, एखादी सहल काढली की आपलं कर्तव्य झालं असं समजणाऱ्यांनी इथं थांबून विचार करावा.

माझ्या चुलत्यांना, अण्णांना, पक्षाघाताचा हलका झटका आला आणि डावा हात लुळा पडला. पुण्यातल्या एका तरुण उपचारक मुलीनं त्यांना पहिलं विचारलं ते दुखण्याचं नव्हे. ‘आजोबा, झटका यायच्या आधी दिवसभर काय करायचात?’ अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘दावी वळायचो.’

पूर्वी ते घायपाताची वळत, अलीकडं जुन्या लुगड्यांच्या पट्ट्यांची. उकिडवं बसायचं, टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं, मांडीवर तळव्यानं पीळ द्यायचा, अशी त्यांची रीत. ती आता जमणार नव्हती. त्या मुलीनं सांगितलं म्हणून आम्ही गोठ्याच्या मेढीला छातीच्या उंचीवर एक कडी ठोकली. पट्ट्या तिच्यात अडकवायच्या. डाव्या हातानं नुसतं धरायचं, उजव्यानं पीळ द्यायचा. दोन्ही पेडांना एकाच अंगाला पीळ द्यायचा आणि मग ते एकमेकांवर उलट्या अंगानं बसवायचे. तसं केलं तरच दावं उलगडत नाही. उभ्यानं करायचं, आणि दावं जसं लांबेल तसं एकेक पाऊल मागं जायचं. तोल सांभाळत मागं चालण्याचा व्यायाम ‘करा’ म्हणून सांगितला असता तर अण्णांनी तो जन्मात केला नसता.

पहिलं दावं वेडंवाकडं झालं, कुठं फोपसं, कुठं ताठ. चुलतभावानं त्या दिवशी मुकाट्यानं नायलॉनचं सोडलं आणि कालवड त्याच दाव्याला बांधली. माझ्या मते निम्मा उपचार तिथं झाला. ते दावं कौतुकानं खुंटीला टांगून ठेवलं असतं तर काही साधलं नसतं.

पासष्टीपुढच्या माणसानं आठवड्यात किमान १५० मिनिटं अंग हलवावं आणि तीन दिवस तरी तोल व ताकद वाढवणारं काही करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडं वाट मोकळी नाही. उसात बिबट्या असतो, त्यामुळं अंधार पडायच्या आत सगळे घरात. तरीही आषाढवारीत काय होतं बघा. तुकोबांची पालखी यवतहून वरवंडला जाते तेव्हा वाटेत चौफुला लागतो. न्हावऱ्याकडून भीमा ओलांडून गेलेला रस्ता तिथंच मिळतो. घरात उंबरा चढताना कण्हणारी माणसं तिथून दिंडीबरोबर चालू लागतात. भक्ती आहेच. पण दिंडीत प्रत्येकाला काहीतरी धरायला असतं: वीणा, टाळ, पताका, डोईवरची तुळस, पाण्याची कळशी. सत्तरीतल्या बाईला तिथं ‘बसा निवांत’ असं कुणी म्हणत नाही, तिची पाळी आली की तुळस तिच्या डोईवर जाते.

व्यवसायोपचारक बहुतेक शहरांतच असतात. न्हावऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, तिथं महिन्यातून एक दिवस जरी असं माणूस बसलं आणि आशाताईंना चार गोष्टी शिकवून गेलं, तरी कितीतरी घरांत विळीच्या पाटाला टेकू लागेल, न्हाणीत धरायला दांडी बसेल, सूप पुन्हा हातात जाईल.

अण्णांची सध्या सूनबाईंशी तेढ चालली आहे. त्यांना धुणं वाळत घालायला दोरी हवी आहे, तीही आठ दिवसांत. अण्णांचं म्हणणं, पोळा तोंडावर आला, आधी मोरक्या होतील, मग दोरी. ‘मामा, मोरक्या बाजारात मिळतात,’ असं त्या म्हणाल्या तेव्हा अण्णा इतके तावातावानं बोलले की शेजारचे बघायला आले, आणि जाताना त्यांच्यातल्या एकीनं दोन जुनी लुगडी देऊन आपल्या गाईसाठीही नंबर लावला.