खायचा की धुण्याचा?

तो वास पहिल्यांदा आला तो आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना. जुलैचा दुसरा आठवडा, डोंबिवलीतलं आमचं घर, बाहेर चार दिवसांची झड. खुब्याचं हाड मोडल्यामुळे आई महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या. सकाळीच कपाटातली घडीची चादर काढून घातली होती. तिचं टोक नाकाशी नेऊन त्या म्हणाल्या, "अगं, ही धुतलेली आहे ना?"

धुतलेलीच होती. मशीनमधून काढून, हॉलमध्ये पंख्याखाली स्टँडवर दीड दिवस वाळवलेली. हाताला कोरडी लागत होती. पण नाकाशी नेली की ओट्यावरच्या ओल्या फडक्याची आठवण यायची. आंबूस, कुबट, आणि अंगाची ऊब लागली की अधिकच जाणवणारा असा तो वास.

आईंचं अख्खं आयुष्य कपड्यांच्या शिस्तीत गेलेलं. माहेर मेहकरकडचं. तिथल्या घरात छताजवळ दांडी होती आणि नऊवारी लुगडं काठीने वर चढवून, चूण न पडता पसरायचं, हे त्या दहाव्या वर्षी शिकल्या होत्या. अशा बाईला कूससुद्धा दुसऱ्याच्या मदतीने बदलावी लागत होती आणि तिच्याच चादरीला वास येत होता. पाहुणे यायचे म्हटलं की त्या आधी उशीचा अभ्रा बदलायला सांगायच्या. भेटायला आलेली बाई खुर्ची जरा मागे सरकवून बसली, तर तेही त्यांच्या लक्षात यायचं. हाडाच्या दुखण्याबद्दल त्या फारसं बोलत नसत. त्यांना हे मात्र लागायचं.

मग सुरू झाले उपाय. पावडर एक चमचा होती, ती दोन झाली. सुगंधी कंडिशनर आला. पहिल्या दिवशी चादरीला फुलांचा वास आला. दुसऱ्या दिवशी फुलांचा आणि कुबट असे दोन्ही वास एकत्र आले, आणि तो प्रकार आधीपेक्षा वाईट होता. जास्तीची पावडर पुरती खंगाळली जात नाही, ती धाग्यात राहते आणि मळ धरून ठेवते. कंडिशनर धाग्यावर मऊ, तेलकट थर चढवतो. वास घालवायला म्हणून जे घातलं, त्याने वासालाच जागा करून दिली होती.

मार्ग दाखवला कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांनी. मूळचे साताऱ्याकडचे, घराणं परटाचं. गरम इस्त्री फिरली की कपड्यात दडलेला वास वाफेबरोबर वर येतो, त्यामुळे कुणाच्या घरचा कपडा कसा वाळतो हे त्यांना न विचारता कळतं. "वहिनी, पावडर वाढवू नका," ते म्हणाले. "रात्री सोड्याच्या पाण्यात भिजवा, सकाळी नेहमीसारखं धुवा."

वाण्याकडे सोडा मागितला, तेव्हा त्याने मान वर न करता विचारलं, "खायचा की धुण्याचा?"

या प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. परत काकांकडे गेले. "खायचा," ते म्हणाले. "धुण्याच्या सोड्याने हात सोलवटतील तुमचे."

त्या रात्री अर्धी बादली, म्हणजे साधारण दहा लिटर कोमट पाणी घेतलं. त्यात अर्धी वाटी, शंभरेक ग्रॅम, खायचा सोडा. पूड तळाशी बसली, हाताने ढवळल्यावर विरघळली. पाणी बोटांना जरासं बुळबुळीत लागलं. ना फेस, ना रंग, ना वास. दोन चादरी, तीन अभ्रे आणि आईंचे दोन गाऊन त्यात बुडवून बादलीवर झाकण ठेवलं. सकाळी झाकण काढलं तर पाण्याला चहा ढवळल्यासारखा मळकट रंग आला होता. हे सगळे कपडे 'धुतलेले' म्हणून कपाटात ठेवलेले होते, हे विशेष. ते पिळून मशीनमध्ये टाकले, पावडर एकच चमचा घातली आणि दोनदा खंगाळलं. संध्याकाळी आईंच्या हातात अभ्रा दिला. त्यांनी तो नाकाशी नेला, उलटा केला, पुन्हा नाकाशी नेला. "कसलाच नाही," त्या म्हणाल्या.

हे का घडलं, ते समजून घेण्यासारखं आहे. घामाला स्वतःचा असा वास जवळपास नसतोच. त्वचेवरचे जिवाणू घामातले आणि त्वचेवरच्या तेलातले घटक मोडतात आणि त्यातून जी द्रव्यं तयार होतात, त्यातली बरीचशी आम्लं असतात. घामट पायमोज्यांचा ओळखीचा वास आयसोव्हॅलेरिक आम्लाचा असतो. पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांच्या कुबट वासाचं मूळही आम्लच. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी घरी धुतलेल्या, पण वास मारणाऱ्या कपड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना कपड्यांत 'मोराक्सेला ऑस्लोएन्सिस' नावाचा जिवाणू सापडला. ओल्या फडक्यासारखा वास देणारं एक आम्ल तो तयार करतो आणि कपडा वाळला तरी तग धरून राहतो. आईंनी "चादर धुतलेली आहे ना" असं विचारलं होतं. चादर धुतलेली होती, पण त्यातला पाहुणा गेला नव्हता.

खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याच्या पाण्याचा सामू सव्वाआठच्या आसपास असतो, म्हणजे सौम्य अल्कधर्मी. आम्ल हवेत उडतं, म्हणून ते नाकापर्यंत पोचतं. सोड्याशी गाठ पडली की त्याचा क्षार होतो. क्षार उडत नाही, पाण्यात विरघळतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. सुगंधी द्रव्य वासावर दुसरा वास चढवतं, सोडा मूळ वासच उरू देत नाही. मात्र तो जिवाणू मारत नाही. म्हणून दर तिसऱ्या-चौथ्या धुण्याला चादरी साठ अंशांच्या गरम पाण्यात फिरवायच्या आणि मशीनमधून काढल्यावर एक मिनिटही तशाच पडू द्यायच्या नाहीत, हे दोन नियम आमच्याकडे त्यानंतर लागू झाले.

सोडा जमला म्हटल्यावर हुरूप आला आणि हुरुपात चुका झाल्या.

पहिली चूक व्हिनेगरची. सोड्याच्या बादलीतच कपभर व्हिनेगर ओतलं की धुणं दुप्पट स्वच्छ निघतं, असं एका व्हिडिओत दाखवलं होतं. ओतल्याबरोबर बादली फसफसून वर आली, पाहायला मोठी छान. पण तो फेस म्हणजे निव्वळ कर्बवायू. व्हिनेगर हे आम्ल, सोडा हा अल्क. दोघं एकमेकांची धार मारतात आणि त्यातून उरतं ते बिनकामाचं सोडियम अॅसिटेट. चादरी दुसऱ्या दिवशी तशाच निघाल्या.

व्हिनेगर टाकाऊ मात्र नाही, त्याचं काम वेगळं आहे. रुग्णाच्या अंथरुणात कधी मेणकापडाच्या बाहेर लघवी जाते. ताज्या लघवीचा कपडा लगेच गार पाण्यातून काढला तर प्रश्न मिटतो. तो तसाच राहिला, तर लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो. अमोनिया स्वतःच अल्कधर्मी, त्याच्यापुढे खायच्या सोड्याचं फारसं चालत नाही. तिथे शेवटच्या खंगाळणीत पाव कप व्हिनेगर उपयोगी पडतं. फक्त त्या पाण्यात ब्लीच अजिबात असता कामा नये. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि लहानशा बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

दुसरी चूक हळदीची. आईंच्या गुडघ्याला सूज होती, त्यावर आंबेहळद आणि हळदीचा गरम लेप लावत होतो. पांढऱ्या सुती चादरीवर तळहाताएवढा पिवळा डाग पडला. सोड्याचं पाणी लावलं, वर साबणाची वडी घासली. बघता बघता डाग लाल झाला, रक्तासारखा लालभडक. हातातली वडी सुटलीच. चादर तशीच ओली घेऊन आईंच्या खोलीत गेले. त्यांनी पाहिलं आणि दीड महिन्यात पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. "अगं, कुंकू केलंस तू!"

खरंच कुंकू झालं होतं. हळकुंडावर चुन्यासारख्या अल्कधर्मी द्रव्याची प्रक्रिया करूनच कुंकू बनवतात. हळदीतलं कुर्कुमिन अल्कात लाल होतं, आम्लात पुन्हा पिवळं. त्यांनी लिंबाची फोड मागवली, पडल्या पडल्या स्वतःच्या हाताने डागावर चोळली आणि लाल रंग पिवळ्यावर आणून दाखवला. "आता हा उन्हानेच जाईल," त्या म्हणाल्या. "ठेव बाजूला. ऊन येऊ दे." कुर्कुमिन प्रकाशात विघटित होतं, हे रसायनशास्त्र सांगतं. आईंना ते रसायनशास्त्रावाचून ठाऊक होतं.

त्या दिवसापासून धुण्याच्या गोष्टी त्यांच्याकडून निघायला लागल्या. दुपारी पाय चेपताना वाण्याचा प्रश्न त्यांना सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्याकडे तिसरापण होता. पापडखार." मेहकरपासून लोणार जवळ. उल्केच्या आघाताने झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर आणि त्यातलं खारं, अल्कधर्मी पाणी आज जगाला ठाऊक आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले होते, आणि त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पण आईंच्या आजीला ते तळं खारासाठी माहीत होतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर पांढरी पापडी धरायची. तळ्यातल्या क्षारांना प्रतीप्रमाणे दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावं होती. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त या परिसराबद्दल लिहिलं आहे, की काच आणि साबण बनवायला लागणारा माल इथे मिळतो. म्हणजे चारशेहून अधिक वर्षांपूर्वीही इथल्या सोड्याचं नातं धुण्याशी होतंच.

वाण्याने विचारलेल्या दोन सोड्यांचं नातं तर आणखी जवळचं. बेल्जियमच्या अर्नेस्ट सोल्वे यांनी १८६१ मध्ये मीठ, अमोनिया आणि चुनखडीपासून सोडा बनवण्याची जी रीत काढली, तीत आधी बायकार्बोनेट तयार होतं. ते भाजलं की कर्बवायू आणि वाफ निघून जाते आणि धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट उरतं. हिशेब सरळ आहे: १६८ ग्रॅम खायच्या सोड्यातून १०६ ग्रॅम धुण्याचा सोडा. सौराष्ट्रातल्या मिठापूरला १९३९ मध्ये टाटा केमिकल्सची सुरुवात झाली, ती याच उद्योगासाठी.

स्वभाव मात्र दोघांचे वेगळे. धुण्याच्या सोड्याचा सामू अकराच्या आसपास जातो. तो तेलाचा साबण करतो आणि जड पाण्यातला चुना खाली बसवतो. मेहकरच्या विहिरीच्या पाण्याला फेस यायचा नाही, तिथे धुण्याच्या सोड्यावाचून गत्यंतर नव्हतं. खोबरेल तेलाने पिवळे पडलेले पांढरे अभ्रे त्याच्या गरम पाण्यातच निघतात. परटाच्या भट्टीचं काम त्याच्यावरच चालायचं. डोंबिवलीच्या नळाला येणारं पाणी हलकं आहे, शिवाय बाजारातल्या बहुतेक धुण्याच्या पावडरींत हा सोडा आधीच असतो. म्हणून खायचा सोडा पावडरीबरोबर मशीनमध्ये घालून फारसं काही साधत नाही. तो पावडरीची धार उलट थोडी कमीच करतो. त्याची जागा आधीच्या भिजवणीत.

आणि काही कपड्यांत त्याला जागाच नाही. आईंची लग्नातली पैठणी ट्रंकेत होती, तिला डांबरगोळ्यांचा वास. रेशीम आणि लोकर हे प्रथिनांचे धागे, अल्कात भिजवले की त्यांची चमक आणि ताकद जाते. डांबरगोळीचा वासही आम्लाचा नाही, तेव्हा सोड्याची वाटी शेजारी ठेवूनही तो हटला नसता. पैठणी सावलीत, वाऱ्यावर, घडी दर तासाला बदलत दोन दिवस टांगली. तेवढ्याने भागलं.

गणपती झाले, पितृपक्ष संपला. आई वॉकर धरून आधी दारापर्यंत, मग बाल्कनीपर्यंत यायला लागल्या. आश्विनातलं ऊन कडक पडलं तशी ती हळदीच्या डागाची चादर बाहेर निघाली. रोज सकाळी पाण्याचा हात लावून ती दांडीवर टाकायची, डागाची बाजू उन्हाकडे. पहिल्या दिवशी डाग फिका पिवळा झाला. तिसऱ्या दिवशी त्याची नुसती कड दिसत होती.

पाचव्या दिवशी आई स्वतः बाल्कनीत आल्या. एका हाताने वॉकर धरून दुसऱ्या हाताने चादरीवर डाग शोधू लागल्या. एकदा पाहिलं, उलटी करून पुन्हा पाहिलं. मग चादर ओढून घेतली, चेहऱ्याशी धरली आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. "हीच घाल आज," त्या म्हणाल्या.