जोडलेली, पण न जुंपलेली

रात्री पावणेनऊला कराडहून अण्णांचा फोन आला. “अगं, लाइट येऊन तास झाला, पर ओव्या लागंनात. डबी चालू हाय, दिवा लुकलुकतोय. आत कायच दिसंना.”

डबी म्हणजे आमच्या घरचा सर्व्हर. टीव्हीच्या कपाटात एक रास्पबेरी पाय ४, तिच्यात ३२ जीबीचं कार्ड आणि तिला लावलेल्या दोन यूएसबी हार्ड डिस्क. एका डिस्कवर घरातले सगळे फोटो. दुसरीवर आजीच्या जात्यावरच्या ओव्या आणि आमच्या आळीतल्या भजनी मंडळाची भजनं. आत्यानं खूप वर्षांपूर्वी कॅसेटवर भरून ठेवलेली, मी दोन हिवाळे खपून संगणकावर उतरवलेली. त्यांची एक प्रत पुण्यात माझ्याकडे आहे, त्यामुळे काही कायमचं हरवण्याची भीती नव्हती. पण अण्णा रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास त्या ऐकतात. त्यांच्या आईचा आवाज त्या घरात त्या वेळेला लागायला हवा, आणि तो लागला नाही तर माझी झोप उडते.

मी पुण्यातून डबीत लॉगिन केलं आणि जोडलेल्या डिस्कची यादी मागितली. दोन दिसायला हव्यात, एकच दिसत होती.

डिस्क यूएसबीत खोचली की काम झालं, असं वाटण्याची सवय आपल्याला लॅपटॉपनं लावली आहे. तिथे डिस्क खोचली की आतल्या फायलींची खिडकी उघडते. लिनक्सवर ते काम डेस्कटॉपचं असतं. कुणीतरी लॉगिन करून पडद्यासमोर बसलं आहे हे त्याला माहीत असतं, म्हणून तो यूडिस्क्स नावाच्या सेवेला सांगून डिस्क वापरायला काढून देतो. सर्व्हरपुढे कुणी बसलेलं नसतं. तिथे डिस्क आल्याचं कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कळतं, युडेव्ह तिला नाव देतो, आणि गोष्ट तिथेच थांबते. तिच्यावरच्या फायली एखाद्या फोल्डरखाली आणून बसवणं, म्हणजे माउंट करणं, हे वेगळं काम आहे आणि ते कुणीतरी सांगावं लागतं. हा शब्द जुना आहे. १९७१च्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही माउंट ही आज्ञा आहे, आणि त्या काळी मोठ्या यंत्रांवर डिस्कचा जडशीळ गठ्ठा माणूस खरोखरच उचलून बसवत असे.

अण्णांना हे पहिल्यांदा सांगताना मी अडखळत होते. जोडणं म्हणावं तर जोडणं वायरीनं आधीच झालेलं. त्यांनीच शब्द काढून दिला. “म्हंजे बैल गोठ्यात आलाय, पर अजून जुंपलेला न्हाय.” तेव्हापासून आमच्या घरात डिस्क जोडतात आणि मग जुंपतात.

जुंपण्याची यादी एका साध्या फाइलीत असते, तिचं नाव एफएसटॅब. एका डिस्कची एक ओळ: कुठली डिस्क, कुठल्या फोल्डरावर, कुठल्या पद्धतीनं. तीन वर्षांपूर्वी मी ती पहिल्यांदा लिहिली तेव्हा डिस्कची नावं लिहिली होती, एसडीए आणि एसडीबी. काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एकदा लाइट जाऊन आली आणि फोटोंच्या फोल्डरात भजनं दिसू लागली. ही नावं डिस्कची नसतातच. जी आधी सापडली ती एसडीए, नंतर सापडली ती एसडीबी. अण्णांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली, त्यांना एका वाक्यात कळलं: फलाटाचा नंबर म्हणजे गाडीचा नंबर नव्हे. गाडीचा नंबर हवा असेल तर यूयूआयडी बघायचा. डिस्क फॉरमॅट करताना फाइल सिस्टिमवर कोरला जाणारा तो लांबलचक आकडा, डिस्क कुठल्याही भोकात खोचली तरी बदलत नाही. (डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढली तर मात्र आकड्याचीही नक्कल होते. मग मूळ आणि नक्कल एकाच वेळी लावू नयेत.)

आकडे लिहिले, गोंधळ मिटला. पण दुसरी चूक त्याच ओळीत दडलेली होती. एफएसटॅबमधली डिस्क सुरुवातीला सापडलीच पाहिजे, असं सिस्टमडी, म्हणजे यंत्र सुरू होताना सगळी कामं लावून देणारी व्यवस्था, धरून चालतं. नसेल तर ते ९० सेकंद थांबतं आणि मग पुढे जायला नकार देतं. यंत्र आणीबाणीच्या अवस्थेत जातं, त्या अवस्थेत नेटवर्कही उठत नाही. एका पावसाळ्यात डिस्कची वायर नीट बसलेली नव्हती, लाइट जाऊन आली आणि डबी तशी अडकून बसली. पुण्यातून काहीच करता येईना. शनिवारी एसटीनं कराडला गेले, कार्ड काढून लॅपटॉपला लावलं आणि त्या ओळीत एक शब्द वाढवला: नोफेल. डिस्क नसली तरी चालेल, पुढे जा. एकशेसाठ किलोमीटर जाऊन एक शब्द. तो प्रवास वाया गेला असं मला कधी वाटलं नाही, कारण ती चूक निदान उघड होती. यंत्र अडलं आणि अडल्याचं दिसलं.

नोफेलनं ते दिसणं बंद केलं. याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण हा शब्द लिहा आणि सुटा, असं सर्रास सांगितलं जातं.

डिस्क जुंपायचं ठिकाण म्हणजे कार्डावरचं एक रिकामं फोल्डर. डिस्क जुंपली की त्या फोल्डरात डिस्कवरच्या फायली दिसतात. न जुंपली तर फोल्डर तिथे असतंच, फक्त रिकामं. आणि त्यात लिहिताही येतं. रोज रात्री दोनला आमच्या सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो त्या फोल्डरात उतरतात. एकदा डिस्क जुंपलेली नव्हती, नोफेलमुळे डबी निमूट चालू झाली, आणि अकरा रात्री फोटो डिस्कवर न जाता कार्डावर साठत राहिले. उतरवण्याचं काम दर रात्री “झालं” असंच सांगत होतं. बाराव्या रात्री कार्ड भरलं आणि डबीचं एकेक काम बंद पडू लागलं.

मी घाईत आधी डिस्क जुंपली, आणि कोडं आणखी गडद झालं. कार्ड काठोकाठ भरलेलं आहे असं एक आज्ञा सांगत होती. फोल्डर मोजत गेलं तर जेमतेम नऊ जीबी भरत होते. उरलेलं गेलं कुठे? ते होतं तिथेच होतं, वर डिस्क येऊन बसल्यामुळे झाकलं गेलं होतं. सतरंजीखाली राहिलेल्या कागदासारखं. ते बघायला कार्डाचं मूळ झाड दुसऱ्या एका फोल्डरावर पुन्हा बांधून घेतलं, तिथून आत गेले, आणि अकरा रात्रींचे फोटो ओळीनं पडलेले दिसले. पुतणीचा पहिला वाढदिवस त्यातच होता. ते डिस्कवर हलवले तेव्हा पहाट झाली होती.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे, डिस्क जुंपलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डराला असं कुलूप घातलं की त्याच्यात रूटलाही काही लिहिता येऊ नये. डिस्क वर आली की कुलूप आड येत नाही, कारण ते खालच्या फोल्डराला आहे. दुसरी गोष्ट, ओळीत सिस्टमडीचा ऑटोमाउंट लिहिला. आता सुरुवातीलाच डिस्कची वाट बघितली जात नाही. फोल्डराला कुणी हात लावला की त्या क्षणी डिस्क जुंपली जाते, आणि डिस्क हजर नसेल तर हात लावणाऱ्याला रिकामी जागा न मिळता चूक मिळते. माझ्या मते घरच्या सर्व्हरला हीच पद्धत योग्य. नुसता नोफेल लिहून मोकळं होणं मी कुणाला सुचवणार नाही.

मधल्या काळात युडेव्हच्या नियमातून डिस्क जुंपण्याचाही प्रयत्न करून पाहिला होता. डिस्क आली की माउंट चालव, असा सरळ नियम. तो चालत नाही. युडेव्हची सेवा माउंटच्या बाबतीत स्वतःच्या वेगळ्या जगात चालते, तिथे जुंपलेली डिस्क बाकीच्या यंत्राला दिसत नाही. ते सोडून दिलं.

दोन महिन्यांपूर्वी फोटोंची डिस्क भरत आली म्हणून तिच्या जागी २ टीबीची नवी आणली. एफएसटॅबमध्ये नवा आकडा लिहिला, माउंटची आज्ञा दिली. आज्ञा काही न बोलता संपली, म्हणजे काम झालं. जुंपलेल्या डिस्कची यादी पाहिली, तर ती तिथे नाही. पुन्हा दिली, पुन्हा तेच. तक्रार नाही, चूक नाही, डिस्कही नाही. हे मला सगळ्यात अवघड वाटतं. चूक सांगणाऱ्या यंत्राशी बोलता येतं. झालं म्हणणाऱ्या यंत्राला काय विचारायचं?

अशा वेळी एकच मार्ग मला माहीत आहे. नवं काही करून बघायचं थांबवायचं आणि यंत्रानं स्वतःच लिहून ठेवलेलं वाचायचं. एका खिडकीत जर्नल वाहतं ठेवलं, दुसरीत आज्ञा दिली. जर्नलमध्ये डिस्क जुंपल्याची ओळ आली आणि त्याच सेकंदात दुसरी: हे माउंट ज्या उपकरणाला बांधलेलं आहे ते हजर नाही, म्हणून हेही थांबवत आहे. डिस्क जुंपली जात होती आणि लगेच कुणीतरी सोडतही होतं. सिस्टमडी एफएसटॅब सुरुवातीला एकदा वाचून त्यावरून स्वतःच्या नोंदी तयार करतं. मी फाइल बदलली, पण नोंदी पुन्हा वाच असं सांगितलं नव्हतं. त्याच्या लेखी त्या फोल्डरावर जुनीच डिस्क यायला हवी होती, आणि ती तर माझ्या पिशवीत होती. डीमन-रीलोडची एक आज्ञा दिली आणि डिस्क जागेवर राहिली. अलीकडच्या आवृत्त्यांत माउंट अशा वेळी सूचना छापतं. आमच्या डबीतल्या आवृत्तीत ती सोय नव्हती.

तर त्या रात्री एकच डिस्क दिसत होती, फोटोंची. ओव्यांची गायब. एफएसटॅबला हात लावण्यात अर्थ नव्हता, कारण कर्नललाच डिस्क दिसत नसेल तर जुंपणार कोण? कर्नलच्या नोंदी काढल्या. डिस्क आली, उपकरण क्रमांक चार. सात सेकंदांनी गेली. पुन्हा आली, क्रमांक पाच. पुन्हा गेली. अठ्ठावीसपर्यंत हेच. मला वायरीचा संशय आला, म्हणून अण्णांना म्हटलं, वायर काढून पुन्हा घट्ट बसवा.

“बसवली. थांब जरा.” पलीकडे शांतता. अण्णांनी कान डिस्कला लावला होता. मग फोनच डिस्कजवळ धरला. मलाही ऐकू आलं. टक्. जरा घुर्र. टक्.

“वायरीचं न्हाय ते,” अण्णा म्हणाले. “ह्याला करंट पुरंना झालाय. बॅटरी उतरल्यावर गाडी सेल्फला अशीच टकटक करती. उचलाय बघती, आन् उचलंना की सोडती.”

मी डबीला वीज कमी पडल्याची नोंद मागितली. होती. रास्पबेरी पाय ४च्या चारही यूएसबी जागांना मिळून १.२ अँपिअर मिळतात. फिरत राहायला डिस्कला फार लागत नाही, पण थांबलेली तबकडी फिरवायला पहिल्या काही सेकंदांत एकट्या डिस्कला जवळपास एक अँपिअर लागू शकतो. मी कराडला असताना डिस्क एकेक करून लावते, म्हणून मला हे कधी दिसलंच नव्हतं. लाइट गेली की दोन्ही थांबतात, आणि आली की दोन्ही एकदमच उठायला बघतात. नवी मोठी डिस्क आल्यापासून लाइट गेली ती त्या संध्याकाळी पहिल्यांदा.

“अण्णा, फोटोंची डिस्क काढा. ओव्यांची एकटी राहू द्या.”

डिस्कांवर त्यांनीच चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत, यूयूआयडीची शेवटची चार अक्षरं आणि नाव. त्यांनी ती चार अक्षरं मला वाचून दाखवली, मी माझ्याकडची ताडून पाहिली, मगच त्यांनी वायर काढली. टकटक थांबली आणि घुर्र एकसारखी लागली. कर्नलच्या नोंदीत क्रमांक एकोणतीस आला आणि राहिला. मी फोल्डर उघडायला सांगितलं. जुंपली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब आणला. दोन्ही डिस्क त्याला लावल्या, आणि मला न विचारता भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं. एकदा नव्हे, तीनदा, दर वेळी डिस्क थांबल्याची खात्री करून. मग फोन केला.

वर्कशॉपमधल्या सवयीनं त्यांनी डबीसाठी एक वही घातली आहे. पुढच्या खेपेला गेले तेव्हा ती उघडून पाहिली. त्या दिवसाच्या पानावर लिहिलं होतं: “डिस्क नं. २ उचलत नव्हती. करंट कमी. हब बसवला. तीन वेळा स्टार्ट घेतला, ओके.” खाली सही, आणि सहीखाली वेळ.